जप्ती कायदेशीर, ताबा मात्र बेकायदेशीर: ठाण्याच्या आवारात गंजलेल्या टेम्पोची भरपाई कोणी द्यायची?

आपल्या प्रश्नातील हकीकत आधी थोडक्यात मांडतो, कारण उत्तराचा सगळा भार त्यातील तारखांवर आहे. आपण सोलापूर जिल्ह्यात मालवाहतुकीचा टेम्पो चालवता. १७ जानेवारी २०२५ रोजी भाड्याने भरलेले भंगार चोरीचे असल्याच्या संशयावरून पोलिसांनी मालासह टेम्पो जप्त केला. आपण आरोपी नाही, साक्षीदार आहात. २१ एप्रिल २०२५ रोजी न्यायदंडाधिकाऱ्यांनी टेम्पो सुपूर्तनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळण्याच्या हमीवर, आपल्या ताब्यात देण्याचा आदेश केला आणि दुसऱ्याच दिवशी आपण आदेशाची प्रत ठाण्यात दिली. त्यानंतर कधी साहेब बंदोबस्तावर आहेत, कधी फाइल वरिष्ठांकडे आहे, कधी मुद्देमाल कारकून रजेवर आहे, असे करत टेम्पो ९ ऑक्टोबर २०२५ रोजी मिळाला. तोवर अख्खा पावसाळा तो उघड्यावर उभा होता. बॅटरी, स्टेपनी आणि मागची दोन चाके नाहीशी झाली होती, इंजिनात पाणी गेले होते, आणि ताबा देताना ‘वाहन सुस्थितीत मिळाले, तक्रार नाही’ अशा छापील मजकुरावर आपली सही घेण्यात आली. नोव्हेंबरमध्ये लिहिलेल्या या प्रश्नात आपण विचारता की, सरकारवर दावा चालतो का. कारण एका वकिलांनी आपल्याला ‘पोलिसांच्या कामात झालेल्या नुकसानीची भरपाई सरकारकडून मिळत नाही’ असे सांगितले आहे.

त्या वकिलांचे म्हणणे निराधार नाही, पण ते साठ वर्षे जुने आहे. मी सत्तावीस वर्षे जिल्हा न्यायालयात दिवाणी आणि फौजदारी दोन्ही बाजूंचे काम करतो आणि मुद्देमालाच्या बहुतेक दाव्यांत मला एकच चूक दिसते. पक्षकार जप्तीवरच भांडत राहतो. जप्ती खोटी होती, सूडाने होती, माझा गुन्ह्याशी संबंध नव्हता, असे लांबलचक लिहितो आणि तिथेच हरतो. कारण वाजवी संशयावरून वाहन जप्त करण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या संहितेच्या) कलम १०६ ने पोलिसांना दिलेला आहे आणि संशय पुढे खोटा ठरला म्हणून जप्ती मागे जाऊन बेकायदेशीर होत नाही. आपल्या प्रकरणात जप्तीला हात लावू नका. आपला दावा जप्तीचा नाही, ताब्याचा आहे. कायदेशीर रीतीने सुरू झालेला ताबा एका विशिष्ट दिवशी बेकायदेशीर होऊ शकतो, आणि आपल्याकडे तो दिवस कागदावर आहे: २२ एप्रिल २०२५. त्या दिवसापासून ९ ऑक्टोबरपर्यंत १७० दिवस टेम्पो ठाण्यात होता तो कोणत्या अधिकाराने, या प्रश्नाला पोलिसांकडे उत्तर नाही. न्यायालयाचा आदेश हाती आल्यावर तपासाचे कारण संपले होते.

आता सरकार जबाबदार नाही ही समजूत कोठून आली ते पाहू, कारण सरकारी वकील आपल्याविरुद्ध तोच निवाडा काढणार आहेत. संविधानाच्या अनुच्छेद ३०० मध्ये सरकारवर दावा करण्याची मुभा आहे, पण तिची व्याप्ती फिरत फिरत ईस्ट इंडिया कंपनीवर जेवढा दावा चालला असता तेवढी, अशी ठेवली आहे. कंपनीच्या जबाबदारीचा प्रश्न १८६१ मध्ये कलकत्त्याला निघाला होता. खिदिरपूरच्या सरकारी गोदीजवळ मजुरांच्या हातून लोखंडाचा अवजड तुकडा पडला आणि एका जहाज कंपनीच्या गाडीचा घोडा जखमी झाला. भरपाई मागितली होती ३५० रुपये. ती मिळाली, पण निकालात सार्वभौम काम (जे फक्त राज्यसत्ताच करू शकते) आणि बिगर-सार्वभौम काम (जे खासगी माणूसही करू शकतो) असा भेद आला आणि तो अजून पुरता गेलेला नाही. साडेतीनशे रुपयांच्या घोड्याने दीडशेहून अधिक वर्षे किती पक्षकार पाडले असतील, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

त्या भेदाचा सर्वांत कडक उपयोग झाला तो कस्तुरीलाल खटल्यात. सप्टेंबर १९४७ मध्ये अमृतसरच्या एका सराफी पेढीचा भागीदार सोने-चांदी विकण्यासाठी मीरतला उतरला. चोरीच्या मालाच्या संशयावरून पोलिसांनी त्याला पकडले आणि शंभर तोळ्यांवर सोने व काही मण चांदी जप्त केली. दुसऱ्या दिवशी तो जामिनावर सुटला. चांदी परत मिळाली, सोने मिळाले नाही. कारण मालखान्याचा ताबा असलेला हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात निघून गेला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने पोलिसांचा निष्काळजीपणा मान्य केला, तरी अटक, झडती आणि जप्ती ही सार्वभौम कामे असल्याने सरकार भरपाईस बांधील नाही असा निकाल दिला. हा निवाडा लिहिणारे सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर आपल्याच सातारचे. निकाल देताना त्यांनाही तो समाधानकारक वाटलेला नव्हता. इंग्लंडने १९४७ मध्येच कायदा करून राजसत्तेची ही ढाल काढून टाकली आहे, आपल्याकडेही विधिमंडळाने असा कायदा करावा, हे त्यांनी निवाड्यातच नोंदवले. सरकारच्या अपकृत्याच्या, म्हणजे भरपाईस पात्र अशा चुकीच्या कृत्याच्या, दायित्वाबद्दल विधि आयोगाने १९५६ मध्ये पहिल्याच अहवालात शिफारस केली होती. १९६७ चे विधेयकही संसदेत आले आणि व्यपगत झाले. तो कायदा आजतागायत झालेला नाही.

कायदा झाला नाही, पण न्यायालये थांबली नाहीत. कस्तुरीलालनंतर तीनच वर्षांत, १९६७ मध्ये, मेमन महंमद हाजी हसन खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर जुनागड संस्थानच्या जकात अधिकाऱ्यांनी जप्त केलेल्या वाहनांचा प्रश्न आला. जप्तीविरुद्धचे अपील चालू असतानाच वाहने बेवारस म्हणून विकून टाकली गेली, आणि मग अपिलात जप्तीचा आदेश रद्द झाला. न्यायालयाने म्हटले की, जप्त केलेला माल परत करण्याची वेळ येऊ शकते हे सरकारला माहीत असते. म्हणून मालकाशी करार नसला तरी सरकारची स्थिती दुसऱ्याचा माल सांभाळणाऱ्यासारखीच असते, आणि तो सांभाळण्याचे व परत देण्याचे कर्तव्य त्याच्यावर असते. आपल्या दाव्याचा पाया हाच आहे.

दुसरा निवाडा १९७७ चा, बसवा कोम द्यामनगौडा पाटील या कर्नाटकातील बाईंचा. चोरीला गेलेले त्यांचे दागिने पोलिसांनी शोधून काढले, ठाण्यातील पेटीत ठेवले आणि ते तिथूनच पुन्हा चोरीला गेले. खालची न्यायालये म्हणाली, वस्तूच उरली नाही तर परत काय द्यायचे? सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मुद्देमाल सांभाळण्याची पुरेशी काळजी घेतली होती हे सरकारला दाखवता आले नाही, तर फौजदारी न्यायालय त्या वस्तूची किंमत देण्याचा आदेश करू शकते, आणि सरकारला १०,००० रुपये द्यायला लावले. हा निवाडा वकिलांच्या लक्षात कमी राहतो याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. त्यातून निघणारा मार्ग स्वस्त आणि जवळचा आहे. नाहीशी झालेली बॅटरी, स्टेपनी आणि चाके यांची किंमत मागण्यासाठी आपल्याला लगेच दिवाणी न्यायालयात जायची गरज नाही. ज्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी सुपूर्तनाम्याचा आदेश केला त्यांच्याकडेच, जप्तीच्या पंचनाम्यात या वस्तूंची नोंद दाखवून, अर्ज करता येतो.

तिसरा आणि दिवाणी दाव्यासाठी सर्वांत उपयोगी निवाडा म्हणजे १९९४ चा नागेंद्र राव. आंध्र प्रदेशातील परवानाधारक खतविक्रेत्याचा साठा १९७५ मध्ये जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली जप्त झाला. जिल्हाधिकाऱ्यांनी पुढच्या वर्षी मोठा भाग परत करण्याचा आदेश दिला, पण तोवर खत पडून पडून निकामी झाले होते. सर्वोच्च न्यायालयाने सरकारला जबाबदार धरले आणि कल्याणकारी राज्यात सार्वभौम कामाची ढाल परराष्ट्र व्यवहार, युद्ध, संरक्षण अशा मोजक्या कामांपुरतीच उरते, असे स्पष्ट केले. २००० साली चल्ला रामकृष्ण रेड्डी खटल्यात तर कस्तुरीलाल निवाड्याचे महत्त्व आता जवळजवळ संपले आहे असेच म्हटले गेले.

इथे एक प्रामाणिक इशारा दिला पाहिजे. कस्तुरीलाल औपचारिकरीत्या रद्द झालेला नाही. तो पाच न्यायाधीशांचा आहे, आणि पुढच्या लहान पीठांनी त्याला वळसा घातला आहे, त्याला उलटवलेले नाही. म्हणून दाव्याची मांडणी अशी करावी की कस्तुरीलालशी टक्कर देण्याची वेळच येऊ नये. त्या खटल्यात माल गेला तेव्हा पोलिसांचा ताबा कायद्याने चालू होता. आपल्या प्रकरणात न्यायालयाच्या आदेशाने तो संपला होता, आणि सार्वभौम अधिकार वापरणे व त्याच सार्वभौमाच्या न्यायालयाचा आदेश धाब्यावर बसवणे या दोन गोष्टी एकच असू शकत नाहीत. वादपत्रात जप्तीविषयी एक परिच्छेद पुरे. उरलेले सगळे २२ एप्रिलनंतरचे असावे.

आदेशापूर्वीच्या तीन महिन्यांविषयीही विचारणा आहे, म्हणून थोडे सांगतो. २००२ च्या सुंदरभाई अंबालाल देसाई निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने जप्त वाहने ठाण्यात कुजवत ठेवण्यात कोणाचाच फायदा नाही, पंचनामा आणि छायाचित्रे करून योग्य बंधपत्रावर ती सोडावीत, आणि मुद्देमाल ठाण्यात पंधरा दिवस ते एक महिन्यापेक्षा अधिक राहू नये, असे निर्देश दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम ४९७ ने याला मुदतीची चौकट दिली: माल न्यायालयापुढे आल्यावर १४ दिवसांत त्याचे वर्णनपत्र, छायाचित्र किंवा चित्रफीत, आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात मालकाने अर्ज केल्याशिवाय आणि पोलिसांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणे, येईपर्यंत काही हलत नाही, हे कोणत्याही ठाण्याच्या कुंपणालगत गवतात बुडालेल्या दुचाक्यांकडे पाहून कळते. तरीही आपला पहिला अर्जच मार्चमध्ये गेला असल्याने जानेवारी ते एप्रिलच्या काळाची भरपाई मागून दावा सैल करू नका, असा माझा सल्ला आहे.

आता मुदतीकडे येतो. हा भाग कंटाळवाणा आहे, पण माझ्या अनुभवात असे दावे सार्वभौमत्वावर क्वचित आणि मुदतीवर वारंवार बुडतात. वकिलीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी माझ्याकडे एका शेतकऱ्याचे प्रकरण आले होते. चोरीतून हस्तगत झालेले त्याचे तेल-इंजिन ठाण्यातून परत आले तेव्हा त्यावरची क्रमांकाची पट्टी दुसरीच होती; म्हणजे इंजिनच बदलले होते. पुरावा इतका चोख होता की मी तो गोळा करण्यातच रमलो, जुनी पावती, दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीचा जबाब, पंचनाम्याची नक्कल, सगळे जमवले, आणि दावा चौदाव्या महिन्यात दाखल केला. तो मुदतबाह्य म्हणून निघाला. चूक माझी होती. त्या शेतकऱ्याने मला कधी बोल लावला नाही, हे अजून टोचते.

मुदत कायद्यात कोणाची जंगम वस्तू बेकायदेशीरपणे अडवून ठेवल्याबद्दलच्या भरपाईला अनुच्छेद ९१ नुसार तीन वर्षे आहेत, आणि ती अडवणाऱ्याचा ताबा बेकायदेशीर झाल्यापासून मोजतात. एवढेच वाचून लोक निर्धास्त होतात. परंतु त्याच कायद्याचा अनुच्छेद ७२ एखाद्या अधिनियमानुसार केल्याचे म्हटल्या गेलेल्या कृतीच्या किंवा अकृतीच्या भरपाईला एकच वर्ष देतो, आणि कायदेशीर आदेशिकेखाली (न्यायालयाच्या लेखी हुकमाखाली) झालेल्या चुकीच्या जप्तीला अनुच्छेद ८० नेही एकच वर्ष आहे. याहून घातक म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम १६१. पोलिसाने कर्तव्याच्या मिषाने किंवा अधिकाराच्या पलीकडे जाऊन केलेल्या कृतीविरुद्धचा दावा ते सहा महिन्यांनंतर ऐकूच देत नाही, आणि त्याआधी एक महिन्याची नोटीसही मागते.

गंमत अशी की, भारतीय करार कायद्यातही एक कलम १६१ आहे, आणि ते सांगते की माल सांभाळणाऱ्याने योग्य वेळी तो परत केला नाही, तर त्या वेळेपासून पुढे होणाऱ्या प्रत्येक हानीला, नाशाला आणि खराबीला तो जबाबदार असतो. म्हणजे पावसाने खराब झालेल्या इंजिनासाठी पोलिसांचा वेगळा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचाही भार बराच हलका होतो. २२ एप्रिलला माल दिला नाही, एवढे पुरते. कनिष्ठ सहकाऱ्यांना मी सांगतो की, एक १६१ तारतो आणि दुसरा १६१ बुडवतो, म्हणून दोन्ही एकाच पानावर लिहून ठेवा.

पोलीस अधिनियमाच्या त्या कलमातून निसटण्याचे युक्तिवाद आहेत. न्यायालयाचा आदेश डावलून वाहन अडवून ठेवणे हे कर्तव्याच्या मिषाने केलेले काम नसून कर्तव्याचा भंग आहे, हा पहिला; आणि मुदत कायद्याच्या कलम २२ प्रमाणे असे अपकृत्य रोज नव्याने घडत असते, हा दुसरा. दोन्ही चांगले आहेत, पण ते न्यायालयात चालतील या भरवशावर दिवस घालवू नयेत. सर्वांत प्रतिकूल अर्थ लावला तरी आपल्या हाती काय उरते ते पाहा. वाहन मोडक्या स्थितीत हाती दिल्याची तारीख ९ ऑक्टोबर २०२५. तिच्यापासून सहा महिने ९ एप्रिल २०२६ रोजी भरतात. पहिला नकार २२ एप्रिल २०२५ चा धरला तर एक वर्षाची मुदतही एप्रिल २०२६ मध्येच संपते. सरकारविरुद्ध दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. तो काळ मुदतीतून वगळण्याची सोय मुदत कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे, पण विशेष कायद्याच्या सहा महिन्यांना ती लागू पडते की नाही, हा वाद स्वतःच्या खटल्यात ओढवून घेऊ नये. नोटीस डिसेंबरमध्ये, दावा मार्चअखेर, असे वेळापत्रक धरावे.

नोटीस राज्य शासनाच्या वतीने सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना, आणि प्रभारी पोलीस निरीक्षकांना त्यांच्या नावाने व पदनामाने स्वतंत्र द्यावी. पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ चा उल्लेख तिच्यातच केला म्हणजे एका कागदात दोन्ही गरजा भागतात. दाव्यात प्रतिवादी म्हणून ‘महाराष्ट्र राज्य’ असावे. ‘पोलीस ठाणे’ किंवा ‘गृह खाते’ यांना स्वतंत्र अस्तित्व नाही, आणि केवळ त्यांनाच पक्षकार केलेले दावे मी फेटाळले गेलेले पाहिले आहेत. सरकारविरुद्धचा दावा आपल्याकडे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्या न्यायालयात दाखल होतो.

अधिकाऱ्यावर व्यक्तिशः जबाबदारी येते का, हा आपल्या प्रश्नातील सर्वांत रागाचा भाग आहे. सर्वसाधारण उत्तर असे की, कायद्याने ‘सद्भावनेने’ केलेल्या कृतीला संरक्षण दिले आहे, आणि या शब्दाची व्याख्या दोन ठिकाणी दोन प्रकारची आहे. दंडविधीत योग्य काळजी आणि लक्ष नसेल तर सद्भावना नाही. कायद्यांतील शब्दांचे सर्वसाधारण अर्थ ठरवणाऱ्या सामान्य खंड अधिनियमात मात्र कृती प्रामाणिक असली की पुरे, ती निष्काळजी असली तरी चालते. त्यामुळे टेम्पो ताडपत्रीशिवाय उभा राहिला, एवढ्यावर निरीक्षकांच्या खिशाला हात घालता येणे कठीण आहे. आदेशाची प्रत घेतल्याची पोच देऊनही १७० दिवस टाळणे ही वेगळी गोष्ट आहे. ती प्रामाणिक चूक म्हणून खपवणे त्यांना जड जाईल. लखनौ विकास प्राधिकरणाच्या १९९३ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेच आहे की, अधिकाऱ्याच्या छळवादी वागणुकीची भरपाई सार्वजनिक तिजोरीतून देऊन मग ती त्या अधिकाऱ्याकडून वसूल करावी.

याचे अलीकडचे आणि बोलके उदाहरण वस्तू व सेवा कराच्या क्षेत्रातले आहे. जानेवारी २०२० मध्ये तेलंगणात कागदाचा माल घेऊन निघालेले वाहन मोर्चामुळे रस्ता बंद असल्याने अडकले आणि तेवढ्यात ई-वे बिलाची (मालवाहतुकीसाठी लागणाऱ्या ऑनलाइन कागदाची) मुदत संपली. अधिकाऱ्याने माल अडवला आणि तो सरकारी गोदामात नव्हे तर आपल्या नातेवाइकाच्या घरी उतरवून ठेवला, वर ६९,००० रुपये कर आणि दंड वसूल केला. उच्च न्यायालयाने ती रक्कम व्याजासह परत द्यायला लावून १०,००० रुपये खर्च बसवला. शासन हट्टाने सर्वोच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२२ मध्ये सत्यम शिवम पेपर्स या प्रकरणात न्यायालयाने ती याचिका फेटाळून खर्चात आणखी ५९,००० रुपयांची भर घातली, म्हणजे एकूण खर्च वसूल केलेल्या कर आणि दंडाइतकाच केला, आणि या अनावश्यक वादाला जबाबदार असलेल्या व्यक्तींकडून तो थेट वसूल करण्याची मुभा शासनाला दिली. रक्कम मोठी नाही. पण सहकाऱ्याच्या पगारातून असे हजारो रुपये वळते झाल्याची बातमी खात्यात जितक्या लवकर पसरते, तितके कोणतेही परिपत्रक पसरत नाही.

इतर कायद्यांत ताबा बेकायदेशीर होण्याचा दिवस शोधणे अधिक सोपे आहे, कारण तो कायद्यातच लिहिलेला आहे. सीमाशुल्क कायद्याच्या कलम ११० प्रमाणे सहा महिन्यांत, किंवा लेखी कारणांसह वाढवलेल्या आणखी सहा महिन्यांत, नोटीस निघाली नाही तर माल परत द्यावा लागतो. फेरीवाल्यांच्या २०१४ च्या कायद्यात, महापालिकेच्या गाडीने उचललेला माल शुल्क भरून मागितल्यास टिकाऊ असेल तर दोन कामकाजाच्या दिवसांत आणि नाशवंत असेल तर त्याच दिवशी परत देण्याची सक्ती आहे. भाजीची पाटी गमावणाऱ्या किती बायकांना हे कोणी सांगितले असेल, हा वेगळा प्रश्न. महापालिकांविरुद्धच्या दाव्यांनाही एक महिन्याची नोटीस आणि सहा महिन्यांची आखूड मुदत असते, हे ध्यानात ठेवावे. आपल्या प्रकरणात कायद्यातला असा दिवस नाही, पण न्यायालयाचा आदेश त्याची जागा घेतो.

रिट याचिकेचा, म्हणजे हक्कभंगासाठी थेट उच्च न्यायालयात जाण्याचा, मार्ग मी सुचवत नाही. मालमत्तेपासून कायद्याच्या अधिकाराशिवाय वंचित केले जाणार नाही, ही अनुच्छेद ३००-क ची हमी खरी आहे, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्याने सोलापूरकरांना मुंबई गाठण्याची गरज उरलेली नाही. टेम्पो अजून ठाण्यात असता तर मी तोच मार्ग धरला असता. आता वाहन परत आले आहे, प्रश्न उरला तो किती नुकसान झाले याचा, आणि साक्षीपुराव्याचा असा वाद उच्च न्यायालय सहसा दिवाणी न्यायालयाकडेच पाठवते.

नुकसानीच्या आकड्याबाबत संयम ठेवा. दिवसाला ३,००० रुपये भाडे मिळत होते, म्हणून १७० ने गुणून ५,१०,००० रुपये, असा हिशोब मी अनेक वादपत्रांत पाहतो, आणि उलटतपासाच्या पहिल्या पाच मिनिटांत तो कोसळताना पाहतो. त्यातून डिझेल, चालकाचा पगार, टायरची झीज आणि रिकामे दिवस वजा करून निव्वळ उत्पन्न काढावे लागते, आणि ते मागील दोन वर्षांच्या भाडेपावत्या, बँक खाते व आयकर विवरणपत्र यांच्याशी जुळावे लागते. कर्जाचे हप्ते वेगळे मागू नका. टेम्पो रस्त्यावर असता तरी हप्ता भरावाच लागला असता. बुडालेले उत्पन्न आणि हप्ता दोन्ही मागणे म्हणजे एकच नुकसान दोनदा मोजणे आहे. हप्ते थकल्यामुळे बसलेला दंडाचा आकार मात्र मागता येतो. दुरुस्तीच्या खर्चासाठी काम सुरू करण्यापूर्वी तारखेसह छायाचित्रे, अधिकृत कार्यशाळेचे अंदाजपत्रक आणि शक्य असल्यास नोंदणीकृत सर्वेक्षकाचा अहवाल घ्या, आणि मग टेम्पो दुरुस्त करून रस्त्यावर आणा. दावा चालू आहे म्हणून तो मुद्दाम पडीक ठेवलात, तर पुढची खराबी आपल्याच माथी येईल. सुपूर्तनाम्याच्या अटींप्रमाणे रंग किंवा क्रमांक बदलता येत नाही आणि परवानगीशिवाय विक्री करता येत नाही. सुटे भाग बदलण्याआधी न्यायालयाला साधा अर्ज देऊन ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

उरली ती ‘तक्रार नाही’ या मजकुराखालची सही. तिने दावा आपोआप संपत नाही. न्यायालयाच्या आदेशाने जे विनाअट मिळायला हवे होते ते देण्यासाठी लिहून घेतलेली कबुली मोकळ्या मनाने दिलेली नसते, असा युक्तिवाद करता येतो. पण तो जितका लवकर कराल तितका विश्वसनीय ठरतो. म्हणून नोटिशीची वाट न पाहता याच आठवड्यात पोलीस अधीक्षकांना पोच मिळेल अशा टपालाने एक पानाचे पत्र पाठवा. त्यात वाहन कोणत्या स्थितीत मिळाले, पंचनाम्यातील कोणत्या वस्तू नव्हत्या आणि सही कोणत्या परिस्थितीत दिली एवढेच लिहा, विशेषणे टाळा. त्याच दिवशी माहितीच्या अधिकारात मुद्देमाल नोंदवहीतील आपल्या वाहनाच्या नोंदीची आणि २२ एप्रिल व ९ ऑक्टोबर या दोन दिवसांच्या ठाणे दैनंदिनीतील संबंधित नोंदींची नक्कल मागा, आणि नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचे चित्रीकरण झाले असल्यास त्याच्या प्रतीसाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. त्या चित्रफितीत मागची चाके दिसत असतील, तर सुस्थितीबद्दलच्या त्या छापील वाक्याला फारसा अर्थ उरणार नाही.